निवांतपणाचा दाखला

माणसाला विश्रांतीची गरज असते हे कार्यालयाच्या लक्षात यायला जो काळ लागतो, त्याला सेवाकाल म्हणतात. आमच्या कार्यालयाच्या हे बरंच लवकर, म्हणजे माझ्या सेवेच्या सव्विसाव्या वर्षी लक्षात आलं. त्याबद्दल कार्यालयाचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत. (आभाराचा ठराव झालेला आहे. तो मीच लिहिला.)

झालं असं, की वरून एक तज्ज्ञ आले आणि त्यांनी पाहणी केली. दोनशे बारा कर्मचाऱ्यांपैकी एक्क्याऐंशी टक्के तणावाखाली आहेत असं निघालं. उरलेले एकोणीस टक्के त्या दिवशी रजेवर होते. यावरून रजेने तणाव जातो हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं आणि परिपत्रक निघालं. प्रत्येक कर्मचाऱ्याने वर्षातून एक दिवस निवांत घालवायचा आणि तो एकट्याने घालवायचा, कारण कुटुंब बरोबर असलं की निवांतपणा लाभत नाही. (तज्ज्ञ विवाहित होते.)

शहराबाहेर एका ओळीत सहा मनोरंजन उद्यानं आहेत, सहांना मिळून एकच तिकीट. त्यांतली किमान चार पाहावीत, घाई करू नये, प्रत्येक ठिकाणचा शिक्का आणावा आणि सोबत उद्यानाकडूनच काढून घेतलेला स्वतःचा एक हसरा फोटो जोडावा. फोटोत दात दिसावेत. अन्य व्यक्ती दिसू नये. एवढं सगळं सादर केलं की निवांतपणाचा दाखला मिळणार होता. दाखला नसेल त्याच्या गोपनीय अहवालात 'अनिवांत' असा शेरा पडणार, आणि असा शेरा असलेल्या माणसाला बढती देणं धोक्याचं, हे कोणीही मान्य करेल.

मी अभिलेख कक्ष सांभाळतो. म्हणजे जुनी कागदपत्रं जिथे ठेवतात आणि जिथून ती सहसा परत येत नाहीत, ती खोली. बढतीच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. दुसरं आवक-जावक लिपिकाचं होतं. तो मुळातच निवांत माणूस असल्यामुळे मला जरा धास्ती होती.

घरी हे सांगितलं तेव्हा मुलगी जमिनीवर फोटो पसरून बसली होती. तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती, तीन आठवड्यांत जायचं होतं, आणि बरोबर न्यायला म्हणून ती घरच्या फोटोंचा अल्बम लावत होती.

"बाबा, तुम्ही एकाही फोटोत नाही," ती म्हणाली.

"असेन की. नीट बघ."

"सोळा सहलींचे बघितले. एका फोटोत तुमचं कोपर आहे. आणि समुद्रावर एक सावली आहे, पण आई म्हणते ती छत्रीची आहे."

"छत्रीचीच आहे," आतून बायको म्हणाली. "हे तेव्हा पिशव्यांपाशी होते."

हे अगदी खरं होतं. सगळे पाळण्यात बसतात, पाण्यात उतरतात, तेव्हा पिशव्या, चपला, चष्मे आणि अर्धवट खाल्लेली बिस्किटं सांभाळायला कोणीतरी खाली थांबावं लागतं. आमच्याकडे हे पद माझ्याकडे होतं. त्याची जाहिरात निघाली नव्हती की मुलाखत झाली नव्हती. कोणी लादलं असंही म्हणता येणार नाही. पहिल्या सहलीत बायकोने "तुम्ही थांबता का जरा?" असं विचारलं आणि मी थांबलो. ते जरा पुढे सोळा सहली चाललं.

"ऑफिससाठी फोटो काढाल ना, त्याची एक प्रत मला आणा," मुलगी म्हणाली. "हसरा हवा. मला न्यायचाय."

आणतो म्हणालो. ती जाणार हे मी तोवर फक्त ऐकून होतो.

ठरल्या दिवशी नऊ वाजून पाच मिनिटांनी मी जलनगरीत होतो. खांद्याला काही नाही, हातात काही नाही. मोकळ्या हातांचं नेमकं काय करतात हे ठाऊक नसल्यामुळे मी ते पाठीमागे बांधले आणि सवयीने मोठ्या घसरगुंडीच्या खाली, कठड्याशी जाऊन उभा राहिलो. चूक झाली ती इथे. तीन मिनिटांत एक बाई आल्या, माझ्याकडे न बघताच "दादा, पाच मिनिटं हं" म्हणाल्या आणि एक पिशवी माझ्या हातात देऊन वर गेल्या.

ज्याच्या पायाशी एक पिशवी आहे त्याच्या पायाशी दुसरी ठेवायला माणसाला संकोच वाटत नाही. साडेदहापर्यंत माझ्याकडे त्रेसष्ट पिशव्या झाल्या. त्यांतल्या चार निळ्या आणि हुबेहूब सारख्या होत्या. दोन कुटुंबं एकमेकांचे टॉवेल घेऊन हमरीतुमरीवर आली, तेव्हा मला राहवलं नाही. खिशातली वही काढली आणि चिठ्ठ्या केल्या: अनुक्रमांक, रंग, ओली की कोरडी, आणि न्यायला कोण येणार. बाराच्या आत सगळं मार्गी लागलं. हरवलेल्या पिशव्या शून्य, तक्रारी शून्य, शिल्लक एक डाव्या पायाची चप्पल. जलनगरीच्या व्यवस्थापकांनी स्वतः येऊन पाहणी केली आणि मला एक खुर्ची दिली.

"काका, तुम्ही नाही का पाण्यात जात?" चिठ्ठी परत करताना एका तरुणाने विचारलं.

"मी आज निवांत आहे," मी म्हणालो.

"हो, ते दिसतंच आहे," तो म्हणाला.

तिथून शिक्का घेऊन शांतिवनात गेलो. तिथे कोणी बोलू नये म्हणून दर दोन मिनिटांनी ध्वनिक्षेपकावरून विनंती करतात, आणि ती इतकी खणखणीत असते की दुसरं काही बोलायची सोयच उरत नाही. उपाय नामी आहे. मी बाकावर डोळे मिटून बसलो. विनंतीनंतरच्या शांततेत कोणीतरी म्हणालं, "अगं, ते बघ, पिशवीवाले काका." डोळे उघडले तेव्हा बाकावर माझ्या शेजारी पाच पिशव्या बसल्या होत्या.

तिसरं उद्यान बालनगरीचं. तिथे मुलं मोठ्यांची कामं खेळतात. दारावरच्या रक्षकाने विचारलं, "तुमचं मूल कुठंय?" एकटाच आलोय म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. मी परिपत्रक दाखवलं. त्याने ते शेवटपर्यंत वाचलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत सोडलं. आत एक छोटं अग्निशमन केंद्र होतं, एक दवाखाना होता आणि एक कार्यालयही होतं. खिडकीमागे सहाएक वर्षांची एक अधिकारी बसली होती. मी काही बोलायच्या आधीच तिने "उद्या या" असं सांगितलं. योग्य वयात योग्य शिक्षण मिळतंय हे पाहून समाधान वाटलं. तिच्या मागच्या कपाटात फायली मात्र उलटसुलट लावलेल्या होत्या. त्या मी वर्षवार लावून दिल्या. त्यात चाळीस मिनिटं गेली आणि खरं सांगायचं तर दिवसभरातली तेवढीच मिनिटं मी निवांत होतो. पण तिथे फोटोची सोय नव्हती.

फोटोची सोय फक्त चौथ्या उद्यानात, गगनगाडीवर होती. गगनगाडी म्हणजे रुळांवरून आभाळाकडे चढणारी आणि मग तोंडघशी पडल्यासारखी खाली येणारी गाडी. गाडी कोसळायला लागते त्या क्षणी एक यंत्र आपोआप फोटो घेतं. हिशेब सोपा होता. अडचण एवढीच, की गाडीत चार जागा होत्या आणि तोल जातो म्हणून चार माणसं भरल्याशिवाय गाडी सुटत नव्हती. म्हणजे फोटोत एकटंच असलं पाहिजे हा आमचा नियम आणि एकट्याला बसता येणार नाही हा त्यांचा नियम. दोन्ही नियम आपापल्या जागी चोख होते. पाच वाजून पन्नास मिनिटं झाली होती आणि सहाला गाडी बंद होत होती. मी खाली उभा राहून यावर विचार करत होतो आणि विचार करताना माझ्याकडे अकरा पिशव्या जमल्या होत्या.

तेवढ्यात रांगेतून एक कुटुंब पुढे आलं. एक आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दहा-अकरा वर्षांची नात. मुलाने आपली पिशवी पुढे केली. आजींनी त्याचा हात धरला.

"थांब. यांना मी सकाळपासून बघतेय. पाण्याशी हेच, त्या बागेतही हेच." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कशात बसलात का आज?"

"नाही."

"का?"

सव्वीस वर्षं मी लोकांना जुन्या गोष्टींची कारणं शोधून दिली आहेत. या एका गोष्टीचं कारण मला सापडेना.

"आण त्या पिशव्या इकडे," आजी म्हणाल्या. तीन वाक्यांत त्या तुम्हीवरून तूवर आल्या होत्या. "माझ्या जागेवर तू बस."

"अहो, पण नंबर तुमचा आहे. अर्धा तास रांगेत उभ्या आहात तुम्ही."

"माझं राहू दे रे. हात सरावलेत माझे. जा, गाडी थांबायची नाही."

मी त्यांना अकरा पिशव्या आणि चिठ्ठ्यांची यादी रीतसर सुपूर्द केली. यादीकडे त्यांनी बघितलंही नाही. सगळ्या पिशव्या दोन्ही हातांवर अशा काही अडकवल्या, की बघून माझ्यासारख्या अनुभवी माणसालाही कौतुक वाटलं. मुलाने आपलीही वर ठेवली.

गाडी चढायला लागली. शेजारच्या नातीने माझा हात घट्ट धरला. आजीचा धरायचा असं तिला घरून बजावलेलं होतं आणि जागेवर जो असेल त्याचा तिने धरला. टोकावर गाडी क्षणभर थांबली. खाली सगळी उद्यानं, माणसं, घसरगुंड्या दिसल्या, आणि मग गाडी कोसळली. मी ओरडलो. ओरडता ओरडता कोणीतरी मोठ्याने हसायला लागलं. तो मीच आहे हे मला जरा उशिरा कळलं.

फोटो उत्तम आला. दात सगळे दिसत होते.

कार्यालयाने प्रकरण तत्परतेने, म्हणजे नऊ दिवसांत निकाली काढलं. शिक्के ग्राह्य. फोटोत मात्र कर्मचाऱ्यासोबत एक पुरुष, एक स्त्री आणि कर्मचाऱ्याचा हात धरलेली एक मुलगी आढळून येते, सबब कर्मचारी कुटुंबासह गेला होता. (कोणत्या, हा प्रश्न कार्यालयाच्या कक्षेबाहेरचा.) शिवाय जलनगरीकडून माझ्या कार्यक्षमतेबद्दल प्रशस्तिपत्र आलं होतं. त्यावरून मी निवांतपणाच्या वेळेत काम केल्याचं सिद्ध झालं. शेरा 'अनिवांत'. आवक-जावक लिपिकाने सहाही उद्यानांचे शिक्के आणि बंद डोळ्यांचा हसरा फोटो आणला. त्यांतलं एक उद्यान महिनाभर दुरुस्तीसाठी बंद होतं, पण निवांत माणसाला अशा गोष्टींचा त्रास होत नाही. त्याला बढती मिळाली.

घरी मुलीने फोटो बराच वेळ हातात धरला. "बाबा, तुम्ही हसता तेव्हा असे दिसता?" ती म्हणाली. बायको हात पुसत आली, बघितलं आणि "दात बघ किती ते" म्हणून परत आत गेली. पण जाताना थांबून पुन्हा एकदा बघितलंन. संध्याकाळी मेव्हण्याने फोटोतली ही मंडळी कोण असं विचारलं, तेव्हा तिने शांतपणे सांगितलं, "ह्यांच्याकडचे आहेत."

बढती गेल्याचं मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्या संध्याकाळी मी खरोखर खूश होतो. मग मुलगी म्हणाली, "गाडीत चार जागा. हे तिघं आणि तुम्ही. मग पिशव्या कोणाकडे होत्या?"

"त्यांच्या आजीकडे."

"त्या बसल्या का नंतर?"

"सहा वाजले होते," मी म्हणालो.

तिने फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर लावला. मला मात्र लाज वाटली. गाडीतून उतरल्यावर मी आजींकडून अकरा पिशव्या मोजून घेतल्या होत्या, यादीवर बरोबरच्या खुणा केल्या होत्या, आणि तुम्हाला बसायचं होतं का हे विचारायचं राहून गेलं होतं.

शेऱ्याविरुद्ध अपिलाची तरतूद आहे. त्यासाठी फोटोतली माणसं माझी कोणी लागत नाहीत असा त्यांचा जबाब हवा. जबाबाचं प्रपत्र अस्तित्वात नसल्याने ते तयार करण्याचं काम कार्यालयाने माझ्याकडेच सोपवलं. मी नऊ रकाने आखले. पहिले आठ नेहमीचे. नववा मी आपल्या अधिकारात घातला: 'फोटो निघाला तेव्हा पिशव्या कोणाकडे होत्या?' हा रकाना ऐच्छिक आहे.

त्या कुटुंबाने फोटोच्या खिडकीवर नोंदवलेल्या पत्त्यावर प्रपत्र पाठवलं. ते भरून आलं. भरणारा आजींचा मुलगा होता. आठ रकाने व्यवस्थित भरलेले, नात्याच्या जागी 'कोणी नाही, माणूस चांगला'. नववा कोरा.

प्रपत्र नवं, म्हणून चाचणीसाठी मग मी तेच कार्यालयातल्या सगळ्यांना वाटलं आणि आपापल्या घरच्या शेवटच्या सहलीचा फोटो समोर ठेवून भरायला सांगितलं. दोनशे अकरा प्रपत्रं परत आली, आणि दोनशे अकरांचा नववा रकाना कोरा होता. अभिलेख कक्षात ती मी वर्षवार लावून ठेवली आहेत.

वाचकहो, आपल्यासाठीही एक प्रत बाजूला काढलेली आहे. घरचा एखादा फोटो समोर घ्यावा, माणसं मोजावीत आणि प्रपत्र भरावं. नववा रकाना सोडला तरी चालेल. इतकी वर्षं चाललंच आहे.