नरसूतात्यांचा खडखडता ड्रायर

एका जंगलात, मुलांनो, झाडी इतकी दाट होती की ऊन वरच्या फांद्यांतच अडकून राही. तिथले प्राणी पूर्वी उघडेच हिंडत. मग त्यांना अब्रू आली. अब्रू आली म्हणून कपडे आले, कपडे आले म्हणून धुणी आली, आणि धुणी वाळेनात म्हणून घरोघरी कपडे वाळवायचे ड्रायर आले. प्रगती अशीच येते. आधी अडचण आणते, मग तिच्यावरचा उपाय विकते.

या जंगलात नरसूतात्या नावाचे एक गवे राहत. देह टेकडीएवढा, आणि स्वतःविषयीचं मत त्याहून जरा मोठं. त्यांची बायको भागाक्का, आणि बकुळी नावाचं एक लहानगं वासरू.

एके दिवशी तात्यांचा ड्रायर खडखडू लागला. इतका, की शेजारच्या कासवाने डोकं आत घेतलं ते संध्याकाळपर्यंत बाहेर काढलं नाही.

भागाक्का म्हणाली, “अहो, जरा उघडून बघा ना.”

“उघडून?” तात्या दचकले. “अगं, हा धोरणाचा प्रश्न आहे. दुरुस्त करायचा की बदलायचा, ते आधी ठरू दे. तोवर कुणी हात लावायचा नाही.”

आणि त्यांनी जाणकारांना बोलावणं धाडलं.

पहिले आले लबडेशेठ कोल्हे. त्यांचं नव्या ड्रायरचं दुकान होतं, म्हणून त्यांचं मत निःपक्षपाती होतं. ते ड्रायरकडे न बघता म्हणाले, “तात्या, हे प्रेत आहे. प्रेताला औषध देत नसतात. नवा घ्या.”

मग आले टोचे मास्तर, म्हणजे सुतारपक्षी. ते दुरुस्त्या करत, म्हणून त्यांचंही मत निःपक्षपाती होतं. त्यांनी बाहेरून चोच आपटली आणि डोळे मिटले. “आपल्या वाडवडिलांनी कधी काही टाकून दिलं? दुरुस्ती हीच आपली संस्कृती!”

“अहो, पण आत काय झालंय?” भागाक्काने विचारलं.

दोघांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. उघडून पाहिलं, तर मत द्यायला उरतं काय?

झालं! जंगलात दोन तट पडले. दुरुस्तीवाले आणि बदलवाले. माकडं बदलवाली झाली, म्हणून वानरं दुरुस्तीवाली झाली. सशांच्या घरी ठरलेलं लग्न मोडलं, कारण नवरी बदलवाली निघाली आणि सासूने त्याचा भलताच अर्थ घेतला.

रोज संध्याकाळी तात्यांच्या अंगणात सभा भरे. सभेपुढे ड्रायर रिकामाच चालवून दाखवत. खडखड खडखड! श्रोते माना डोलावत. “गंभीर आहे,” हे म्हणत. “फारच गंभीर,” ते म्हणत. मधल्या उंच दगडावर बसून तात्या दोन्ही बाजूंना म्हणत, “तुमच्याही म्हणण्यात तथ्य आहे.” एवढं एक वाक्य येत असलं की पुढारी होता येतं, मुलांनो. बाकी शिक्षण लागत नाही.

इकडे घरात कपडे ओलेच. त्यांना कुबट वास सुटला. ओला सदरा घालून घालून बकुळीला खोकला धरला. पण अंगणात खडखडाट एवढा, की खोकला फक्त तिलाच ऐकू येई.

एका दुपारी तात्या हारतुरे घ्यायला बाहेर गेले होते. भागाक्काने ड्रायरचं दार ओढलं, मुस्कट आत घातलं आणि जिभेने चाचपलं. कडेच्या फटीत काहीतरी अडकलं होतं. तिने ते दातांत धरून ओढून काढलं.

पितळी शेंबी होती ती. तात्या सणावारी हौसेने शिंगाच्या टोकावर चढवत ती टोपी, काढून ठेवल्यावर कोटाच्या खिशात राहिलेली.

भागाक्काने बटण दाबलं. ड्रायर मांजरासारखा गुरगुरला. तासाभरात बकुळीच्या अंगात कोरडा, ऊबदार सदरा होता.

संध्याकाळी सभा जमली. तात्यांनी ड्रायर सुरू केला. आवाजच नाही!

“हे काय?” लबडेशेठ ओरडले.

“हा कट आहे!” टोचे मास्तर किंचाळले. दोघांचं प्रथमच एकमत झालं.

भागाक्काने शेंबी पुढे केली. “अहो, ही अडकली होती. झालं काम.”

तात्यांनी शेंबीकडे पाहिलं. मग समोरच्या गर्दीकडे पाहिलं. गर्दी उठून चालली होती. ससे तर आताच लग्नाची बोलणी पुन्हा करू लागले होते.

तात्या हलक्या आवाजात म्हणाले, “भागे, तुला कुणी सांगितला होता हा उपद्व्याप?”

आणि सगळ्यांदेखत त्यांनी शेंबी परत आत टाकली.

खडखड खडखड!

केवढा टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणून सांगू! गेलेले परत फिरले. “तात्यांनी प्रश्न जिवंत ठेवला!” कुणीतरी गहिवरून म्हणालं.

भागाक्काने बकुळीला पुढे घातलं आणि माळावरच्या माहेरची वाट धरली. तिथे झाडं नाहीत, म्हणून ऊन आहे. ड्रायर नाही, म्हणून मतंही नाहीत. तिथल्या एका काटेरी झुडपावर ती धुणं टाकते आणि ते वाळतं. बकुळीचा खोकला आठवड्यात गेला.

तात्या आता जंगलाचे सरपंच आहेत. अंगात ओला कोट असतो, नाक वाहत असतं, पण गळ्यात हार असतो. ड्रायरबाबतचा निर्णय लवकरच अपेक्षित आहे.

तात्पर्य: बिघडलेली वस्तू कधीही उघडून पाहू नये. बिघाड सापडला तर एका घरचे कपडे वाळतात. न सापडला तर अख्खं जंगल कामाला लागतं.