हेडसरांचे मस्तकी हृदय विराजमान जाहले त्या मोहिमेची हकीकत

वाचणारांनी सावध होऊन बसावे. राज्ये आली आणि गेली, किल्ले पडले आणि पुन्हा उठले, त्यांचे वर्णन करणारे करोन गेले. परंतु सातवी 'ब' च्या लष्कराने धडधडत्या हृदयाचा पाठलाग करोन ते हस्तगत कैसे केले, हे वर्तमान कोणी लिहिले नाही. न लिहिल्यास पुढील पिढ्यांस कळणार कैसे? आणि न कळल्यास त्यांचे अडणार ते काय, हा भाग निराळा. तरी घडले ते यथास्थित लिहिले असे.

शाळेत जीवशास्त्र शिकविणाऱ्या बाई होत्या. बेडकांच्या बरण्या पोटच्या लेकरांसारख्या जपीत, म्हणोन पोरे त्यांस बेडूकबाई म्हणत. बाईंस हे ठाऊक होते आणि राग नव्हता. प्रयोगशाळा हेच त्यांचे राज्य. त्या राज्यावर संकट ऐसे गुदरले, की प्रयोगशाळा मोडोन तेथे बैठकीचे दालन करावे आणि गुबगुबीत खुर्च्या मांडाव्या, ऐसा मनसुबा संस्थेच्या अध्यक्षीणबाईंचे चित्ती उपजला. हेडसरांनी बहुत रदबदली केली, तेव्हा हुकूम सुटला, की ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणोन जी नवी विद्या निघाली आहे, जियेत नसलेली वस्तू टॅबलेटातून पाहता समोर असल्याचा भास होतो, तियेचा एक धडा आम्हांस दाखवावा. पसंत पडल्यास प्रयोगशाळा राहील, न पडल्यास सुतार येईल.

मग बाईंनी कंबर कसली आणि संगणकसरांस कुमकेस बोलाविले आणि टेबलावर माणसाचे हृदय उभे करावे ऐसी मसलत ठरली. संगणकसर बोलण्यात मोठे शूर. कळ दाबताच फत्ते, ऐसे त्यांनी छातीवर हात ठेवोन सांगितले.

नेमले दिवशी दोघांत एक टॅबलेट याप्रमाणे मुलांनी मोर्चे बांधिले, आणि देखरेखीस खासा हेडसर दाराशी उभे राहिले. त्यांचा दरारा ऐसा, की पावले वाजताच फळ्यावरचा खडूसुद्धा कुरकुर थांबवी. मस्तक मात्र सफाचट, आणि तेज इतके, की छताची ट्यूबलाइट त्यात अख्खी दिसावी.

कळ दाबली, आणि टॅबलेटे गुळगुळीत जागा शोधू लागली. टेबल आम्लाने खाल्लेले, खड्ड्याखळग्यांचे. ते त्यांचे पसंतीस उतरले नाही. मग त्यांनी खोलीभर नजर फिरविली आणि भलत्याच ठिकाणी डेरा दिला.

"बाई, हृदय सरांच्या डोक्यावर बसलंय!" पहिल्या बाकावरची चष्मेवाली किंचाळली.

बाईंनी टॅबलेटात पाहिले तो हेडसरांचे टाळूवर कलिंगडाएवढे तांबडेलाल हृदय, शिरा-धमन्यांसहवर्तमान, धडधड करीत बसलेले. बाईंचे स्वतःचे काळीज पाणी पाणी जाहले.

"माझ्याकडे काय बघताय सगळे?" हेडसर गरजले.

"काही नाही सर, तुम्ही जरा बाहेर जाता का?" संगणकसर पुटपुटले.

हेडसर निघाले, तो हृदयही निघाले. मग हृदयामागे मुले, मुलांमागे बाई, ऐसी फौज व्हरांड्यात पसरली. डोळ्यांपुढे टॅबलेट असल्याने आघाडी पाण्याच्या टाकीवर आदळली आणि पिछाडी आघाडीवर. हेडसरांनी वळोन पाहिले तो लष्कर पाठीशी. त्यांनी चाल वाढविली, आणि ज्यांनी जन्मात पाठ दाखविली नाही ते कचेरीत शिरोन कपाटास पाठ लावोन उभे ठाकले. तेथे संगणकसरांनी सुलतानढवा करोन आपला हातरुमाल त्यांचे मस्तकी टाकिला. रुमाल सपाट पडला, आणि टॅबलेटांस तो अधिकच मानवला. हृदय दुप्पट फुगले.

"हे काय चालवलंय?" हेडसर रुमाल भिरकावोन म्हणाले. तेव्हा बाईंनी धीर करोन सर्व प्रकार सांगितला. इतक्यात शिपाई खबर घेऊन आला, की अध्यक्षीणबाईंची मोटार फाटकात शिरली.

बाई हेडसरांस नेहमी वचकून असत. परंतु राज्य जाते म्हटल्यावर भीती कोणी धरावी? त्यांनी खुर्ची पुढे ओढिली.

"सर, इथं बसा. अजिबात हलायचं नाही."

"म्हणजे मी टेबल?"

"टेबलापेक्षा बरे आहात सर. त्याला तर टॅबलेटांनी घेतलंच नाही."

"दुसरा उपाय?"

"सुतार."

हेडसर बसले.

मग अध्यक्षीणबाई आल्या, त्यांनीही टॅबलेट धरिले, आणि तिथेच धडा सुरू जाहला. बाई फूटपट्टीने एकेक कप्पा दाखवू लागल्या आणि भान विसरल्या आणि पट्टी ठक् करोन वाजली.

"बाई, हळू."

"माफ करा सर. तर मुलांनो, ही महाधमनी."

मधेच एक माशी डाव्या जवनिकेच्या कप्प्यावर, म्हणजे सरांचे टाळूवर, येऊन बसली आणि फिरू लागली. हेडसरांची भुवई थरथरली, बोटे खुर्चीच्या हातात रुतली, परंतु मस्तक तिळभर हलले नाही. ऐसी शिकस्त थोरथोरांनी केली नसेल.

चष्मेवालीने विचारिले, "सर, तुम्ही घाबरलात की हे हृदय जोरात धडधडतं का?"

"ते चित्र आहे गं. माझं खरं इथं आत आहे."

"मग ते आतलं?"

हेडसरांनी मस्तक न हलविता डोळे तेवढे तिजकडे वळविले. "ते मघापासून जोरातच चाललंय," ते हळूच म्हणाले, आणि कोणी हसले नाही.

अध्यक्षीणबाईंनी हेडसरांस तीन प्रदक्षिणा घातल्या, मागून वाकोन फुप्फुसशिरा पाहिल्या, आणि हुकूम फर्माविला, की प्रयोगशाळा कायम राहावी, खुर्च्या अन्यत्र ठेवाव्या. मुलांनी जयघोष केला. बाईंनी भिंतीकडे तोंड करोन डोळे पुसले.

शाळा सुटल्यावर हेडसरांनी बाईंस बोलाविले. आता कानउघाडणी, ऐसे समजोन बाई गेल्या, तो हेडसर एका हाती आरसा, एका हाती टॅबलेट धरोन आपले मस्तक न्याहाळीत होते.

"बरं दिसतंय की," ते म्हणाले. "पुढचा धडा कोणता?"

"मोठं आतडं, सर."

हेडसरांनी आरसा पालथा ठेविला, आणि तेच क्षणी दस्तुरखुद्द हुकूम लिहिला, की प्रयोगशाळेस गुळगुळीत टेबल आजच्या आज आणावे, दिरंगाई न करणे.

टेबल आले. येणेप्रमाणे राज्य राहिले, हृदय हाती आले, आतडे आवरले, आणि बेडूकबाईंची फत्ते जाहली, हे सर्वांस विदित असावे.