अँटिऑकचं नाणं आणि बनिंगचं बीट

ते नाणं मी विकत घेतलं ते निव्वळ दमल्यामुळे. लबाडीला अंगात थोडा तरी उत्साह लागतो आणि तो माझ्यात उरला नव्हता.

सहा वर्षं दर रविवारी मी गावातल्या बनिंग नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात धातू शोधायचं यंत्र घेऊन फिरत होतो. यंत्र कानात ‘टूंऽ’ करायचं, मी गुडघे टेकून खणायचो आणि निघायचं बिअरच्या कॅनचं झाकण. नाहीतर ट्रॅक्टरचा नट. एकदा चांगला चमचा निघाला. (तो आमच्याच घरचा होता. डबा खाताना मीच पाडला होता.) नोकरीही इंग्लंडमधल्या आमच्या नॉरफक भागातल्या नगरपालिकेत, कचऱ्याच्या डब्यांच्या तक्रारी नोंदवायची. म्हणजे आठवडाभर कचरा लिहायचा आणि रविवारी तोच खणून काढायचा.

माझी बायको ग्लेनिस कधी टोचून बोलली नाही. मी घरी आलो की विचारायची, “काही मिळालं?” मी “नाही” म्हणायचो. ती “बरं” म्हणायची. असं तीनशे वेळा ‘बरं’ ऐकून बघा.

फेब्रुवारीत नॉरिचच्या जुन्या बाजारात अंगठ्याच्या नखाएवढं रोमन नाणं दिसलं. घेतलं, बनिंगच्या चिखलात चोळलं आणि घरी गेलो.

“काही मिळालं?”

“मिळालं.”

ग्लेनिसने चष्मा पुसून पुन्हा घातला. नाणं तळहातावर घेऊन खुर्चीत बसली. “डेझमंड, अरे, हे घेऊन कुणीतरी भाजी आणायला निघालं असेल,” ती हळूच म्हणाली. जेवणानंतर तिने माझ्या आवडीचं पुडिंग केलं. मी दोनदा घेतलं. (अपराधी वाटत असलं तरी भूक लागते.)

पुढच्या महिन्यात ती मला न सांगता नाणं घेऊन गावच्या हॉलमध्ये गेली. तिथे संग्रहालयाच्या मिस थ्रॉवर महिन्यातून एकदा लोकांच्या वस्तू तपासायला बसतात. ग्लेनिस परतली ती लाल गालांनी.

“अँटिऑकचं आहे. पूर्वेकडच्या टांकसाळीतलं. आपल्या भागात असं कधीच सापडलेलं नाही म्हणे. त्या शेतात खणणार आहेत.”

“कधी?”

“सोमवारी. बनिंगला मी विचारलंसुद्धा.”

बनिंगला त्याच आठवड्यात बीट पेरायचं होतं आणि गुरुवारपासून पावसाचा अंदाज होता. मी धावतपळत त्याच्याकडे गेलो. तो पेरणीयंत्राला टेकून आकाशाकडे बघत उभा होता.

“तू नाही म्हण ना त्यांना. तुझं शेत आहे,” मी म्हणालो.

“सहा वर्षं बघतोय, गॉट्स, तुला, पावसात, थंडीत. माझ्या बायकोला तर तुझी दया यायची. आता कुठे तुला काही मिळालंय, तर मी आडवा येऊ? दोन दिवस देतो त्यांना.”

एवढ्या चांगुलपणापुढे खरं सांगायला दम लागतो. मी घरी जाऊन झोपलो.

सोमवारी मिस थ्रॉवर आणि त्यांच्या हाताखालचे चौघे आले. मी सांगितलेल्या जागी (कुठली तरी सांगावीच लागली) त्यांनी दोरी लावून चर खणला. संध्याकाळपर्यंत माती निघाली. मंगळवारी दुपारपर्यंत अजून माती निघाली. पश्चिमेला ढग जमले. बनिंग बांधावर उभा होता. दर पाच मिनिटांनी टोपी काढून परत घालत होता.

शेवटी मिस थ्रॉवर त्याच्याजवळ येऊन म्हणाल्या, “आणखी एक आठवडा मिळेल का?”

बनिंगने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “गॉट्ससाठी देतो.”

“देऊ नकोस,” मी म्हणालो. “नाणं मी बाजारातून आणलंय.”

सगळ्यांसाठी चहा घेऊन आलेल्या ग्लेनिसने थर्मास उघडला आणि तीन कप चहा ओतला. एक बनिंगला दिला, एक मिस थ्रॉवरना, एक स्वतः घेतला.

“पुडिंग दोनदा घेतलंस,” ती म्हणाली. बस्स, एवढंच.

बनिंगने कप रिकामा करून ग्लेनिसला परत दिला आणि माझ्याकडे वळला. “पाऊस परवा आहे. उद्या पेरणीयंत्रामागे तू चालायचंस. अख्खा दिवस.” मी मान डोलावली.

तेवढ्यात चरातून त्या चौघांतल्या एका मुलीने हाक मारली. तिच्या हातात हिरवट पडलेली पितळी पिन होती, झग्याला लावायची, घोड्याच्या आकाराची. रोमन. आणि ती या मातीतली होती, बाजारातली नव्हे. पिन निघाली तिथेच खाली दुसरी दिसत होती. मिस थ्रॉवर चरात उतरल्या, तासाभराने वर आल्या आणि बनिंगशी बोलल्या. ठरलं असं की चराभोवतीचा तुकडा सोडून बाकी शेत तो पेरणार, आणि बीट काढून झाल्यावर ते पुन्हा येणार.

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी बोलणी खायला तयार होतो, पण त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी वही उघडली.

“मिस्टर गॉट्स, सहा वर्षांत तुम्ही या शेतात कुठे कुठे शोधलंत, ते नीट आठवून सांगाल का?”

कुणाला तरी माझ्या मेहनतीचा उपयोग होता. मी खाकरलो. “म्हणजे त्या जागा तुम्ही वगळणार?”

“नाही नाही, तिथूनच सुरू करणार,” त्या म्हणाल्या. “तिथलं सगळं अजून जागेवरच असेल.”