रुपीबाईने जुंपले चार पेन ड्राइव्ह

बादल कोणतंही काम हातात घेतो ते अर्ध्यावर सोडण्यासाठीच, असं त्याच्या आईचं, म्हणजे रुपीबाईचं, ठाम मत होतं. कोंबड्या आणल्या, त्या मुंगसाने नेल्या. शेवगा लावला, तो शेळ्यांनी खाल्ला. आणि यंदा दसऱ्याला या पठ्ठ्याने लोहाऱ्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर उचलून आणला आणि दारावर पाटी ठोकली: ‘बादल ऑनलाइन सेंटर. सर्व फॉर्म भरून मिळतील.’ भरून मिळतील खरे, पण कधी, ते पाटीवर नव्हतं!

“एक व्हिडिओ पाह्यला का इंजिनेर! दोन पाह्यले का डाक्टर!” रुपीबाई अंगणातून ओरडायची. “अन् तीन पाह्यले का पोट्टं जेवाले येत नाही!”

रुपीबाई स्वतः शाळेत गेली होती ती दीड दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी छडी उगारली, हिने ती हिसकून मोडली आणि शिक्षण तिथेच पूर्ण झालं. पण बंजाऱ्यांच्या त्या तांड्यात तिच्या शब्दाला कलेक्टरच्या सहीचं वजन होतं. आणि हाताला कला अशी, की पोळ्याला तिने भरलेल्या झुली बघायला बाभुळगावकडची माणसं यायची. आता घरोघर ट्रॅक्टर आले, झुली घालायला बैल उरले नाहीत आणि रुपीबाईच्या सुईला चैन पडेना. मग दिवाळीत तिने कॉम्प्युटरच्या डब्यालाच खोळ शिवली. खोळ म्हणजे काय साधीसुधी? जाड दुहेरी कापड, त्यावर आरसे, कवड्या, लाल-पिवळ्या दोऱ्याचं भरतकाम! पुढे बटणापुरतं भोक, मागे वायरींपुरतं भोक, बाकी सगळं नाड्यांनी आवळून गच्च बांधलेलं. धुळीचा कण आत गेला तर रुपीबाईचं नाव बदलून टाका! तांड्यातले लोक कॉम्प्युटर बघायला कमी आणि खोळ बघायलाच जास्त येऊ लागले.

त्या कॉम्प्युटरला मात्र दिवाळीनंतर काय झालं कोण जाणे. आधी बरा पळायचा. आता बटण दाबून बबिता, म्हणजे बादलची बायको, वरणाला फोडणी टाकायची, भाकरी थापायची, नळावरून दोन गुंड पाणी आणायची, तेव्हा कुठे पडद्यावर ते गोल चक्र फिरणं थांबायचं. आतून आवाज असा यायचा, की सोयाबीनचं मळणीयंत्रच लाजून बंद पडावं. मांजरीची मात्र चंगळ झाली. थंडीचे दिवस, डबा चांगला गरमागरम. ती वर चढून बसायची ती दुपारपर्यंत उतरायची नाही!

आणि नेमकी आज अंगणवाडी सेविकेच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. संध्याकाळी सहा वाजेपर्यंत.

कितीतरी वर्षांनी तांड्यातली जागा निघाली होती. बबिता बारावी पास. लग्न झाल्यापासून ती या एका जागेची वाट बघत होती. आजूबाजूच्या पोरांना ओट्यावर बसवून फुकटात बाराखडी शिकवत होती. तिच्या बरोबरीच्या दोघींनी कळंबला जाऊन चार दिवसांपूर्वीच फॉर्म भरून टाकला. बबिताही जाणार होती. पण रुपीबाई नळावर अख्ख्या तांड्यासमोर बोलून बसली होती:

“माही सून सेविका होणार! अन् तिचा फॉर्म माह्या घरच्या मशिनीवर भरल्या जाणार! ज्यायच्या घरी मशीन नाही त्यायनं जावं कळंबले!”

आता सांगा, असं बोलल्यावर सुनेला कळंबच्या गाडीत कसं बसवणार?

दुपारचा एक वाजला. मोबाइलवर फॉर्म उघडत नव्हता, कॉम्प्युटरवर तो सकाळपासून बबिताच्या नावातल्या ‘ब’वरच अडला होता.

“याडी, मी कळंबले जाऊन येऊ का?” बबिताने हळूच विचारलं. तांड्यात आईही याडी आणि सासूही याडीच. तिचे डोळे भरले होते.

“अन् नळावर मी कोणतं तोंड दाखवू? बादल! अबे ए इंजिनेर!”

बादल मोबाइल घेऊन धावतच आला. “याडी, सापडलं! व्हिडिओ पाह्यला म्या! याची मेमरी कमी पडून राह्यली. पेन ड्राइव्ह लावला का त्याले मदत भेटते, अन् तो पळते!”

“कोणता पेन ड्राइव्ह?”

“तुह्या ढावल्याचा हाये ना! त्यात जागा बम खाली हाये.”

रुपीबाईच्या कपाळाला आठी पडली. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीचं रडगाणं. नवरी माहेरच्या एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, आणि तो सूर कानावर पडला की तांड्यातल्या बाईने हातातलं काम टाकून जायचं, गळ्यात पडायचं आणि आपलाही सूर मिसळायचा, असा रिवाज. रुपीबाईसारखा ढावलो पंचक्रोशीत कोणी म्हणत नसे. बादलने तो गेल्या साली पेन ड्राइव्हमध्ये भरून ठेवला होता.

“माहा ढावलो पुसला तर तुह्या नावानं ढावलो म्हणीन!”

“नाही पुसत वं! फक्त खाली जागेत काम करते.”

बादलने काळा, लाल टोपणाचा पेन ड्राइव्ह खोळीच्या भोकातून आत खुपसला, दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि काय आश्चर्य! ‘ब’च्या पुढे दुसरा ‘ब’ उमटला!

“पाह्यलं?” बादलची छाती फुगली. “आता कळंबहून मोठा पेन ड्राइव्ह आणतो. चौसष्टचा! मंग पाह्य!” आणि फटफटीला किक मारून तो गेला. बबिताला सोबत न्यावं, हे त्या मोठ्या डोक्यात आलं नाही. रुपीबाईच्याही आलं नाही म्हणा, पण तिला कामं होती!

इकडे दुसऱ्या ‘ब’वर गाडी पुन्हा अडली. रुपीबाई खोळीकडे बघत विचार करत बसली. तिचा आजा-पणजा बैलांवर मीठ लादून घाट चढलेली माणसं. बैल अडला तर ते काय करत? जोडीला दुसरा बैल जुंपत! दोनाने नाही भागलं तर चार!

“एका पेन ड्राइव्हनं एक अक्षर ओढलं ना वं बबिता?”

“हाव याडी.”

“मंग चार लावले तर?”

“पण आपल्यापाशी एकच—”

“तांडा काय मेला?”

रुपीबाईने पदर खोचला. पहिला छापा देवळावर. तिथे तिचा नवरा पूनमसिंग संध्याकाळच्या भजनाची तयारी म्हणून भिंतीला टेकून झोपला होता. भोंग्याच्या मशिनीतला पेन ड्राइव्ह तिने अलगद काढला. दुसरा छापा गोविंदाच्या ट्रॅक्टरवर. तो कापूस वेचणाऱ्या बायांना आणायला निघतच होता.

“वहिनी, गाण्याशिवाय माहा ट्रॅक्टर चालत नाही!”

“डिझेलवर चालते तो. आण इकडे! घंटाभरात वापस देते.”

तिसरा छापा गोविंदाच्या भावाकडे, शंकरसिंगकडे. त्याच्या रंजिताची पाच वाजता सगाई. मांडवात साउंडवाल्याने पेट्या लावलेल्या. शंकरसिंग हात जोडत म्हणाला, “वहिनी, पाव्हणे येऊन राह्यले. नाचाची गाणी त्यातच हायेत!”

“पाव्हण्यायच्या आधी येते तुहा पेन ड्राइव्ह!”

ओट्यावर आल्यावर बबिता घाबरली. चारही पेन ड्राइव्ह काळे, चारही लाल टोपणाचे. सगळे कळंबच्या बाजारातल्या एकाच गाडीवरून घेतलेले!

“याडी, खूण करून ठेवू का? नावाची चिठ्ठी लावू?”

“कायले? माह्या साठ शेळ्या मी तोंडावरून वळखते. हे तर चारच हायेत!”

बादलने चार तोंडांचं एक जोडायचं यंत्र आणून ठेवलं होतं. त्यात चारही पेन ड्राइव्ह घुसले. बबिताने नवऱ्याचं पाहून ठेवलं होतं तशाच टिचक्या मारल्या. रुपीबाईने हळद-कुंकू वाहिलं, अगरबत्ती ओवाळली आणि बैल हाकावा तशी जीभ टाळूला लावून आवाज काढला. कॉम्प्युटर एकदा जोरात घुरघुरला. ‘बबि’ झालं. रुपीबाईने दाराबाहेर बघून विजयी मुद्रा केली. मग पडदा असा थिजला, की बाण हलेना, चक्र फिरेना. मांजरदेखील खाली उतरून पायरीवर जाऊन बसली. तिलाही आता डबा सोसवत नव्हता!

साडेचार वाजले. दारात गोविंदा. मागे शंकरसिंग. दोघे एका सुरात म्हणाले, “वहिनी, आमचा पेन ड्राइव्ह!”

रुपीबाईने चारही उपसले, तळहातावर घेतले, एकेकाकडे डोळे बारीक करून बघितलं. जरासुद्धा न अडखळता तिने वाटप केलं. “हा तुहा. हा तुहा. अन् हा देवळातला, जाता-जाता ठेवून दे. कसे गुणी दिसून राह्यले!”

पाच वाजले.

सगळ्यात आधी देवळाचा भोंगा बोलला. पूनमसिंगने तोंड धुतलं, टोपी घातली, हात जोडले, डोळे मिटले आणि बटण दाबलं. त्याच क्षणी देवळावरून असा ढोल-ताशा अन् असला ठेका सुरू झाला, की प्रदक्षिणा घालणाऱ्या दोन म्हाताऱ्या तिथल्या तिथे कमरेत हलल्या! पूनमसिंग बटण शोधत राहिला, पण ते दर वेळी आवाज वाढवायचंच निघालं.

तिकडे शिवारात गोविंदाच्या ट्रॅक्टरवर भजन लागलं. ट्रॉलीत चढणाऱ्या बायांनी चपला हातात घेतल्या आणि हात जोडले. पुढे कोणाची तरी गाडी आडवी आली. गोविंदाच्या तोंडात नेहमीची शिवी आली आणि भजन ऐकून ती तशीच गिळावी लागली. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाला “या माऊली, निघा पुढं” म्हणाला. समोरच्याला वाटलं, याला ताप चढला!

आणि सगाईच्या मांडवात, नवऱ्या मुलाकडची पंचवीस माणसं नुकती सतरंजीवर टेकली असताना, दोन मोठाल्या पेट्यांतून रुपीबाईचा ढावलो घुमला!

झालं! चुलीवरची भाजी टाकून, शेळ्या सोडून, अर्धी वेणी घातलेल्या, अर्धी न घातलेल्या बाया धावत आल्या. कोणी विचारलं नाही, कोण चाललंय, कुठे चाललंय. रिवाज म्हणजे रिवाज! ज्या आल्या त्या रंजिताच्या गळ्यात पडल्या आणि रडायला लागल्या. रंजिताला काही कळेना, पण इतकी माणसं गळ्यात पडल्यावर तीही रडली. नवऱ्या मुलाची आई दचकून उठली.

“आमी तर फक्त साखर वाटाले आलो! आजच पोरगी पाठवता काय?”

शंकरसिंगने कपाळावर हात मारला. “हा आवाज रुपीवहिनीचा हाये! चला, तिच्याच घरी चला!”

आणि अशी वरात निघाली. पुढे शंकरसिंग, मागे पाव्हणे, त्यांच्यामागे रडणाऱ्या बाया, देवळाकडून घामाघूम पूनमसिंग, शिवारातून पुटपुटत गोविंदा. रुपीबाईने ओट्यावरून ही फौज बघितली. आत बबिता थिजलेल्या पडद्यासमोर बसून ओठ चावत होती. पाच वाजून वीस मिनिटं. 

“वहिनी, हे काय करून ठेवलं वो!” शंकरसिंग सुरू झाला. “माह्या पोरीची सगाई हाये का बिदाई?”

पण नवऱ्या मुलाची आई त्याला बाजूला सारून पुढे आली. तिची नजर थेट आत, कॉम्प्युटरवर.

“अवं बाप्पा! हे भरतकाम कोणं केलं वं?”

“म्या,” रुपीबाई म्हणाली. मान आपोआप वर झाली.

“हा टाका तर माह्या आजीच्या हातचा होता! आता कोणालेच येत नाही हा. उजेडात दाखवता का जरा?”

दाखवता का! हे रुपीबाईला विचारायचं असतं? भांडण गेलं चुलीत! तिने भराभरा नाड्या सोडल्या, खोळ वर ओढली आणि अंगणात नेऊन उन्हात धरली. आरसे चमकले. रडणाऱ्या बाया नाक पुसत जवळ आल्या. “हा टाका कसा घेतला?” “या कवड्या कुठून आणल्या?” शंकरसिंग भांडण विसरून टाके मोजू लागला.

आत उघड्या डब्यातून मात्र भट्टीचं दार उघडावं तशी गरम वाफ बाहेर आली. मळणीयंत्र हळूहळू शांत झालं. पाच-दहा मिनिटांनी ते गोल चक्र एकदा थबकलं आणि गायब झालं.

“याडी!” आतून बबिता ओरडली. “पळून राह्यला! माहं नाव पूर्ण झालं! गाव झालं! मार्कशीट चढली!”

अख्खी वरात दारात दाटली. पाच वाजून चौतीस. फोटो चढला. पाच वाजून एकेचाळीस. पूनमसिंगने देवाचं नाव घेतलं. पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि बबिता थेट सासूच्या गळ्यात पडली. बायांना काय, निमित्तच हवं होतं. पुन्हा सगळ्या सुरात रडल्या! या वेळी मात्र रडता-रडता हसत होत्या. शंकरसिंगने सगाईची साखर तिथेच वाटली.

तेवढ्यात फटफट करत बादल आला. हातात नवाकोरा पेन ड्राइव्ह.

“भरला फॉर्म? म्या म्हटलं नव्हतं, पेन ड्राइव्ह लावला का पळते!”

“एकही लावलेला नाही,” बबिता म्हणाली. “साडेचारलेच काढले सगळे.”

बादलने डब्याकडे पाहिलं. मग आईच्या हातातल्या खोळीकडे. मग हळूच डब्याच्या मागच्या जाळीला हात लावून पाहिला.

“याडी... याचा दम कोंडत होता वं! हवाच भेटत नव्हती. दिवाळीपासून तुह्या खोळीनं—”

चाळीस माणसांनी रुपीबाईकडे पाहिलं. मांजरीनेही पाहिलं. नवऱ्या मुलाच्या आईने खोळ हळूच आपल्याकडे ओढत होती, तीही थांबली.

रुपीबाईने पदर सावरला, एक पाऊल पुढे टाकलं आणि बादलच्या छातीवर बोट ठेवलं.

“बैल दमला तर पहिले त्याची झूल काढा लागते, मंग जोडीदार जुंपा लागते! तीन महिने मुका जीव गुदमरला, अन् तू व्हिडिओ पाहात बसला! कायचा रे तू इंजिनेर?”

“पण झूल घातली कोणं होती?” मागून पूनमसिंगने धीर करून विचारलं.

रुपीबाईने नवऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. बोट बादलच्या छातीवरच होतं.

“घालणारीनं हौसेनं घातली! काढाची अक्कल तुले पाह्यजे होती का नाही, बादल?”