रुखवतातला हिरवा नमदा

पाण्यातलं तांबं कसं काढायचं हे अख्ख्या नारीन गावात फक्त मला कळतं, असं मी छातीठोकपणे सांगत असे. अजूनही सांगते, पण आधी आजूबाजूला कोणी नाही ना ते बघून घेते.

आमच्या कारखान्यात लगामाच्या कड्या आणि दाराच्या मुठी होतात. त्यांना तांब्याचा, निकेलचा मुलामा दिला की उरलेलं हिरवंगार पाणी थेट ओढ्यात जायचं. खाली मेंढ्या ते प्यायच्या आणि माना टाकायच्या. मेंढपाळ काठ्या घेऊन फाटकाशी आले की आमचे मॅनेजर जुमाकादीर मागच्या दाराने जेवायला घरी जायचे. पाणी गाळायला परदेशी कोळसा मागवा म्हटलं, तर म्हणाले, "बुरुल, त्यापेक्षा मेंढ्यांना बाटलीतलं पाणी पाजू. स्वस्त पडेल."

माझं डोकं भडकलं. भरड लोकर आमच्याकडे कोणी फुकट नेत नाही, दरीत फेकतात. त्या लोकरीला धातू घट्ट चिकटून बसतो. मी ती गोळा केली, थापून तिचे जाड नमदे, म्हणजे न विणलेले घट्ट पट्टे केले आणि पिंपात एकावर एक दाबून बसवले. वरून हिरवं पाणी ओतलं, खालून नितळ आलं. जुमाकादीरांनी वाकून ते पाणी दोनदा बघितलं. मग म्हणाले, "बिश्केकहून तपासणीचे साहेब येतायत. त्यांनी मान्य केलं तर बघू."

साहेबांना दाखवायला धातू पिऊन हिरवागार झालेला एक नमदा वाळवून हवा होता. कारखान्यात टांगला तर मेंढपाळांना विषाचा पुरावाच दिसेल म्हणून मी तो घरी आणला, अंगणातल्या तारेवर टाकला आणि निघता निघता सासूबाईंना ओरडून सांगितलं, "आई, हा सांभाळा हं. चोल्पोनच्या लग्नाआधी लागणार आहे."

चोल्पोन माझी नणंद. तिचं लग्न तोंडावर होतं, तपासणी त्याच्या आदल्या आठवड्यात. माझं वाक्य अगदी बरोबर होतं. चूक एवढीच की ते मी सासूबाईंना सांगितलं.

संध्याकाळी आले तर अंगणात गल्लीतल्या सगळ्या बायका. मध्ये पांढरा गालिचा, आणि त्यावर माझ्या नमद्यातून कापलेली मेंढ्याच्या शिंगांची नक्षी सुबक शिवलेली.

"आई, हे काय केलंत?"

"तूच म्हणालीस, लग्नाआधी लागणार. असा रंग बाजारात शोधून मिळत नाही."

"मला लागणार होता. तपासणीला."

"मग तपासू दे की. शिवण पक्की आहे."

"त्यात तांबं आहे, निकेल आहे. उद्या यावर लेकरू रांगेल आणि चाटेल. विष आहे ते, आई!"

सगळ्या सुया थांबल्या. सासूबाईंनी शांतपणे दोरा तोडला आणि बायकांना म्हणाल्या, "इतक्या वर्षांत सुनेने पहिल्यांदा नणंदेसाठी काही आणलं. तेही विषारी."

रात्रभर मी भिंतीकडे तोंड करून धुमसत होते. सकाळी कारखान्यात गेले तर साहेब फाटकातून आत येत होते. जुमाकादीरांनी ऐटीत तोटी उघडली. खालून हिरवंगार पाणी आलं. मी पिंपाचं झाकण उचललं. आत काही नाही.

"नमदे कुठायत?" मी दात खाऊन विचारलं.

"काल दुपारी तुझ्या सासूबाई घेऊन गेल्या," जुमाकादीर म्हणाले. "किनारीला कमी पडत होते. मला वाटलं, तूच पाठवलंयस."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमचं धातू शोषणारं यंत्र सध्या कुठे आहे?"

"नणंदेच्या रुखवतात," मी म्हणाले.

ते माझ्यासोबत घरी आले. सासूबाईंनी त्यांना चहा पाजला, कणकेचे गरम बोरसोक तळून वाढले, किनार लावलेला गालिचा अंथरून दाखवला. साहेबांनी खिशातून कात्री काढली आणि मधोमध असलेलं सर्वांत सुंदर शिंग कापून पिशवीत घातलं.

"चहा प्यायलात ना साहेब?" सासूबाई म्हणाल्या. "मग आता कात्री ठेवा आणि चालू लागा."

त्या दिवसापासून घरात माझं ताट वेगळं झालं. लग्नासाठी बायकांनी साध्या रंगाचा दुसरा गालिचा रात्रंदिवस बसून शिवला, आणि प्रत्येक टाक्याला माझं नाव निघालं.

मग बिश्केकहून निकाल आला. त्या शिंगात इतकं तांबं भरलं होतं की साहेबांनी हुकूमच काढला: असे नमदे कायम बसवा, नाहीतर कारखान्याला टाळं. जुमाकादीरांनी ही कल्पना मुळात आपलीच असल्याचं मेंढपाळांना सांगितलं. ते ऐकून मी हातातला चमचा वाकवला.

पण रोजचे एवढे नमदे थापायचे कोणी? गल्लीतल्या बायका तयार झाल्या. अट एकच, आमच्यावर देखरेख उमसुनाय आजींचीच हवी. म्हणजे माझ्या सासूबाईंची. जुमाकादीरांनी लगेच मान डोलावली.

ओढ्याचं पाणी आता नितळ आहे, मेंढ्या धडधाकट आहेत. पूर्वी मला बोलणी फक्त घरी खावी लागायची. आता सकाळी कारखान्यात हजेरी लावल्यापासूनच सुरू होतात, आणि तक्रार करायची तर अर्ज सासूबाईंच्याच टेबलावर ठेवावा लागतो.