उखाण्याची किल्ली

मी ठरवलं, किल्ली डोक्यात ठेवायची. (डोक्याबद्दल घरच्यांचं मत काय आहे, ते तेव्हा विचारात घेतलं नाही.)

कोलकात्याच्या सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमध्ये आमचं काम असं: सॉफ्टवेअर आणि त्याचं सगळं बिऱ्हाड एका कंटेनरमध्ये भरायचं आणि तो एन्क्रिप्ट करायचा. किल्ली दिली तरच तो सर्व्हरवर चालतो, एरवी बघणाऱ्याला नुसता कचरा दिसतो. किल्ल्या जपायला ऑफिसची वेगळी यंत्रणा आहे. मला ती भरवशाची वाटेना. म्हणून लीनानं आमच्या लग्नात घेतलेला उखाणाच मी किल्ली म्हणून लावला. कोलकात्यात मराठी उखाणा कोण ओळखणार?

महिनाभर रोज टाइप केला. मग दहा दिवस रजेवर नागपूरला गेलो. परत आलो त्या दिवशी ग्राहकापुढे डेमो होता. तो फसला तर आमची सहा जणांची टीम बंद. आणि मला उखाणा आठवेना. तीन प्रयत्न चुकले. पाच चुकांनंतर कंटेनर कायमचा बंद होतो. (ही सूचना माझीच.)

टाइप करायला हात मोकळे हवेत म्हणून स्पीकर लावून लीनाला फोन केला.

"लग्नातला तुझा उखाणा सांग ना जरा."

"आज काय विशेष?"

"सहज."

"ऑफिसच्या वेळेत?" पण आवाज मऊ झाला होता. "चांदीच्या वाटीत केशरी श्रीखंड, श्यामकांतरावांची साथ राहो अखंड."

टाइप केला. चूक.

"लीना, हा नाही. नीट आठव."

"माझा उखाणा मी नीट आठवू?"

शेजारच्या टेबलावरच्या दिलीपदांनी घसा साफ केला. "श्यामदा, टाइप करते टाइम आप रोज ये बोलते हैं," म्हणाले आणि गोल गोल बंगाली उच्चारांत घडाघडा म्हणून मोकळे झाले, "अंगणात रांगोळी काढली ठिपक्यांची, श्यामकांतरावांची नि माझी जोडी लाखांची."

टाइप केला. कंटेनर सुरू झाला. टीमनं टाळ्या वाजवल्या. मला तर रडूच येणार होतं.

फोन अजून चालू होता.

"हा मानसीचा," लीना शांतपणे म्हणाली. (मानसी म्हणजे तिची धाकटी बहीण.) "तू फक्त नवऱ्याचं नाव बदललंस."

फोन बंद झाला. सगळ्या ऑफिसनं ऐकलेली किल्ली नियमानुसार त्याच दुपारी बदलण्यात आली. आता ती ऑफिसच्या यंत्रणेत असते. मला विचारत नाहीत.

संध्याकाळी घरी पोचलो तर लीना दारातच उभी. "माझा म्हणून दाखव, मग चहा."

मी श्रीखंडापर्यंत पोचलो आणि अडलो. लीनानं माझा फोन घेतला आणि दिलीपदांना लावला.