दीड फुटावरचा बोर्ड

मी मुळात धाडसी बाई नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात असली की मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहते (पळायला बरं पडतं). अशा मी एका शुक्रवारी हॉलमधला इलेक्ट्रिकचा अख्खा बोर्ड भिंतीवरून उतरवला, यात दोष माझा नाही. दोष आमच्या बाळाच्या तर्जनीचा.

ही गेल्या वर्षीची, नव्वद सालची गोष्ट. बदलापुरात मांजर्लीला आठ फ्लॅटच्या नव्या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. बिल्डरच्या माणसाने हॉलचा बोर्ड जमिनीपासून दीड फुटावर बसवला होता. का, विचारलं तर म्हणाला, "वहिनी, बसल्या बसल्या पंखा लावता येतो." तेव्हा मला ती सोय वाटली. मग बाळ अकरा महिन्यांचं झालं, रांगत बोर्डापाशी गेलं आणि प्लगच्या तीन भोकांकडे असं बघायला लागलं, जणू आतून कोणी त्याला हाका मारतंय.

"अहो, वायरमन आणा."

"आणतो."

हे, म्हणजे हेमचंद्र, अंबरनाथला एका फॅक्टरीत ऑफिसर. तिथे बल्ब गेला तरी तीन सह्यांचा फॉर्म भरल्यावर इलेक्ट्रिशियन येतो. त्यामुळे ह्यांच्या 'आणतो'ला तीन आठवडे झाले. तीन आठवडे मी बोर्डाला पाठ लावून बसले आणि तिथेच भाजी निवडली, तिथेच कपड्यांच्या घड्या घातल्या. शेवटी माझाच प्लग झाला आहे असं मला वाटायला लागलं.

शिवाय माझ्याकडे सर्टिफिकेट होतं. महिला मंडळाने 'घरगुती वीजदुरुस्ती'चा सहा दिवसांचा वर्ग घेतला होता आणि त्यात इस्त्रीची वायर बदलून मी पहिला नंबर काढला होता. (सहावा दिवस तेवढा बुडाला. बाळाला ट्रिपलचं इंजेक्शन होतं. त्या दिवशी म्हणे, कोणत्या कामाला आपण हात लावायचा नाही ते सांगितलं.)

शुक्रवार निवडला, कारण आमच्याकडे शुक्रवारी सकाळी गेलेले लाईट संध्याकाळीच येतात. तरी मी मेन स्विच बंद केला, फ्यूज काढले आणि पदराच्या गाठीत बांधले. वायरी छताकडून लाकडी पट्टीतून खाली आल्या होत्या, म्हणजे बोर्ड वर सरकवला की झालं. किती वर? बाळ उभं राहील, मग चालेल, मग शाळेत जाईल, शाळेत उंच उड्या शिकवतील, असा विचार करत करत मी बोर्ड साडेसहा फुटांवर नेला. सातवीपर्यंत निश्चिंती.

बोर्डात प्लग, पंख्याचं बटण आणि दारावरच्या बेलच्या वायरी. सगळ्या एकजात लाल. म्हणून मी स्वेटरच्या उरलेल्या लोकरीच्या खुणा बांधल्या होत्या. पंख्याला पिवळी, बेलला गुलाबी. पडलेला स्क्रू उचलायला वाकले आणि वर बघते तो दोन्ही रंग बाळाच्या तोंडात. आधी मी बाळाचा घसा तपासला, मग लोकरीचे तुकडे मोजले आणि मग वायरी आठवून आठवून जोडल्या.

बोर्ड झकास बसला. फक्त माझी उंची पाच फूट (अंबाड्यासकट), त्यामुळे बटणापर्यंत माझाच हात पोचेना. मग खाली कायमचं एक स्टूल ठेवलं.

पाच वाजता लाईट आले. फ्यूज घातले, मेन लावला, स्टुलावर चढून पंख्याचं बटण दाबलं.

"टिंग!"

कोणीतरी आलं वाटतं. उतरले, दार उघडलं. कोणी नाही. परत चढून बटण बंद केलं.

"टाँग!"

पुन्हा दार. पुन्हा कोणी नाही. मी घामाघूम. तेवढ्यात, कोणीही हात लावलेला नसताना पंखा आपोआप फिरायला लागला. थांबला. परत फिरला. मी बाळाला छातीशी धरून कोपऱ्यात उभी राहिले.

"अहो, घरात आहे का कोणी? केव्हाची बेल दाबतोय!" बाहेरून आवाज आला.

दारात विष्णुपंत होते. तळमजल्यावरचे रिटायर्ड गृहस्थ आणि बिल्डिंगचे आपण होऊन झालेले सेक्रेटरी.

"बेल बिघडलीय तुमची, सूनबाई."

"नाही, कळलं मला. पंखा फिरला ना."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग म्हणाले, "उद्या धर्मराज येतोय, उल्हासनगर कॅम्प पाचचा. लायसनवाला. आठही फ्लॅटचं वायरिंग तपासून टेस्ट रिपोर्टवर सही करणार, तेव्हा आपले कायमचे मीटर बसणार. बिल्डरचं तात्पुरतं कनेक्शन तीस तारखेला संपतंय. एक फ्लॅट नापास झाला की आठही घरं अंधारात. आणि लायसन नसलेल्या कोणी हात लावलेला दिसला तर तो सही करत नाही म्हणे. तुमच्याकडे कोणी काही केलं नाही ना?"

"छे!"

त्यांची नजर वर वर गेली. "हा बोर्ड इथेच होता?"

"बिल्डरचा माणूस फार उंच होता," मी म्हणाले.

सहा वाजता पंखा फिरला, म्हणजे हे आले. सगळं ऐकल्यावर आधी म्हणाले, "आता कशालाही हात लावायचा नाही!" मग बंद पंख्याखाली बसून घाम पुसत बराच विचार केला.

"फॅक्टरीत इन्स्पेक्शनला मशीन चालू दिसलं की झालं. तो पंखा लाव म्हणाला की मी बाहेर जाऊन बेल दाबतो. बेल वाजायला हवी तेव्हा तू पंखा लाव."

"आणि दोन्ही एकदम मागितलं तर?"

"माणूस एका वेळी एकच मागतो."

(मला हे पटलं. यावरून माझी अवस्था ओळखा.)

शनिवारी ह्यांनी हाफ डे टाकला. दहा वाजता पंखा फिरला. "आला!" मी बाळाला कडेवर घेऊनच स्टुलावर चढले, टिंग, टाँग, उतरले, दार उघडलं. बारीक चणीचा माणूस, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर.

"बेल तो मस्त है," धर्मराज म्हणाला. "पंखा लगाओ, बहनजी."

"अहो, तुमच्या चपला!" मी ओरडले. हे बाहेर धावले. मी पुन्हा स्टुलावर चढले आणि बटणाला नुसतंच बोट टेकवलं. पंखा भरभर फिरायला लागला. धर्मराज वहीत लिहू लागला. सात घरं पास झाली होती, आठवंही होणार होतं. इतक्यात जिन्यात आवाज झाला.

"काय हो, स्वतःच्याच घराची बेल दाबताय? आणि वाजत का नाही ती?"

विष्णुपंत. ह्यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला असणार, कारण पंखा थांबला. धर्मराजने वर पाहिलं. मी स्टुलावर, बोट बटणावर. त्याच क्षणी कडेवरच्या बाळाने हात लांबवून बटण खाली केलं.

"टिंग!"

बाहेर ह्यांनी घाबरून बेल दाबली. पंखा फिरला. बाळाने बटण वर केलं. "टाँग!" आणि मग अगदी शांतपणे, तीन आठवडे वाट बघितलेल्या त्या तीन भोकांकडे त्याने तर्जनी नेली.

धर्मराजची वही खाली पडली. दोन ढांगांत येऊन त्याने बाळाला माझ्याकडून उचलून घेतलं.

"बहनजी! बच्चे के वास्ते बोर्ड ऊपर किया, और बच्चे को खुद लेके ऊपर आयी?"

मी स्टुलावर बसून रडायला लागले. "मीच केलं. एकटीने. हवं तर आमच्या एकट्याचे लाईट तोडा, बाकी सात घरांचं अडवू नका. आणि अगदीच अडाणी नाही हो मी, सर्टिफिकेट आहे माझ्याकडे."

ह्यांनी ते आणून दिलं. त्याने दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"इस्त्री के लिए अच्छा है," तो म्हणाला. मग ह्यांच्याकडे वळून जरा गंभीर झाला. "देखो साब, सही मेरी है. कल इस घर में कुछ हुआ तो लोग आपको नहीं, मेरेको पूछेंगे. तो हाथ भी मेरा लगेगा."

त्याने बोर्ड उघडला, एकूण एक वायर सोडवून नव्याने जोडली, बोर्ड साडेचार फुटांवर आणला, हाताने फिरवायचं मशीन लावून काटा पाहिला आणि मगच सही केली. आठही घरं पास. विष्णुपंतांनी टाळ्या वाजवल्या.

जाताना त्याने पिशवीतून चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि बोटभर तुकडा प्लगच्या भोकांवर चिकटवला.

"बस. इतनाही करना था."

"बोर्ड दीड फुटावर होता तेव्हाही?" मी विचारलं.

"तब भी."

आमचे कायमचे मीटर तीस तारखेच्या आत बसले आणि पुढे बाळ बोलायलाही लागलं. आता घरी पाहुणे आले की हे त्याला मुद्दाम पुढ्यात घेऊन बसतात.

"गाय कशी करते, बाळ?"

"हम्मा."

"माऊ?"

"म्यांव."

"आणि आई?"

बाळ बोट वर करतं आणि सगळे दात दाखवत सांगतं, "टिंग!"